उदाहरणातला भाऊ

आमच्या दातांच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर जी बाई बसायची तिला सगळे भुवई म्हणायचे. म्हणायचे म्हणजे तोंडानं नव्हे. तर्जनीनं आपली डावी भुवई जरा वर ढकलली की झालं तिचं नाव. ती जन्मापासून बहिरी. बहिऱ्यांच्या क्लबात प्रत्येकाला असं एक हातानं करायचं नाव मिळतं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव मागे पडतं. हिला एखादी गोष्ट पटली नाही की डावी भुवई एकटीच वर जायची, म्हणून हे नाव.

आम्ही दोघी कवळ्या करायचो. मी मेणात दात बसवायचे, ती शेवटचा हात फिरवायची. घासणं, कोरणं, हिरडीचा रंग जुळवणं, सगळं तिच्याकडे. घासायच्या चाकांच्या घरघरीत तसंही कोणाला कोणाचं ऐकू येत नसे, म्हणून मी तिच्याकडून खुणांची भाषा शिकले. सुरुवात गरजेपोटी झाली, मग गोडी लागली. एका हातानं डबा खायचा आणि दुसऱ्या हातानं बोलायचं, ही कला तिचीच. आमचे मालक म्हणायचे, "या लॅबमध्ये सगळ्यात बडबड्या तुम्ही दोघी, आणि गप्प बसा म्हणायची सोय नाही." तेव्हा मी इथं 'ती म्हणाली' असं लिहीन तिथं ती हातानं म्हणाली असंच समजायचं.

एखाद्यावर दात असणं म्हणतात ना, ते काय असतं ते मला भुवईकडे बघून कळलं. तिचा तिच्या थोरल्या भावावर दात होता. आम्ही बसवायचो तसला काढघाल करायचा नव्हे, मुळासकट.

भाऊ म्हणजे दादा, ऐकू येणारा. घरात खुणांची भाषा येणारा तो एकटाच. वडील लवकर गेले. आईला खा, झोप, औषध घे, उशीर का झाला, एवढंच हातानं सांगता यायचं; त्यापलीकडचं सगळं दादामार्फत. शाळेत मास्तर काय म्हणाले, डॉक्टर काय म्हणाले, मामा कशाला हसला, सगळं दादा सांगणार. भुवई म्हणायची, "लहानपणी मला वाटायचं, जगच दादाच्या हातातून बाहेर येतं." त्यानंही हे काम मन लावून केलं. पुढे त्याचाच त्यानं पेशा केला. इस्पितळात, कोर्टात, सरकारी कचेऱ्यांत बहिऱ्यांचा दुभाष्या म्हणून जाऊ लागला, दुभाष्यांची संघटना काढली, तिचा अध्यक्ष झाला. भाषणांत त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "माझ्या बहिणीचा आवाज मीच आहे." लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. भुवईच्याही यायचं, एके काळी.

ती ऐन उमेदीत होती तेव्हाची गोष्ट. बहिऱ्यांच्या क्रीडा स्पर्धेत तिची एका मुलाशी ओळख झाली. तोही बहिरा, दुसऱ्या गावचा, घरं रंगवायचं काम करायचा. त्याला रंगारी म्हणू. टेबल टेनिसमध्ये तिनं त्याला हरवलं, आणि तो पुन्हा हरायला आला, असं ती सांगायची. मग रंगारी आईवडलांना घेऊन घरी आला. मोठी माणसं बाहेरच्या खोलीत बोलत बसली, ही दोघं खिडकीपाशी उभी राहून हातानं इतकं बोलली की चहा गार झाला. जाताना रंगाऱ्याचे वडील म्हणाले, विचार करून फोन करतो.

फोन आला. तो पॅसेजमध्ये भिंतीला लावलेला होता. भुवई स्वयंपाकघराच्या दारात उभी, आई दादाच्या शेजारी. दादानं चष्मा कपाळावर ढकलला. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की तो तसा ढकलायचा, ही त्याची जन्माची सवय. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं, त्यामुळे ओठ दिसेनात. नुसती पाठ दिसत होती आणि मान हलताना दिसत होती. बोलणं झालं, फोन ठेवला, वळला आणि हातानं म्हणाला, "नको म्हणतात. त्यांना ऐकू येणारी सून हवी आहे."

भुवईनं आईकडे पाहिलं. आईनं तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. झालं. नंतर कधी तिनं स्पर्धेला नाव दिलं नाही. स्वतः पत्र पाठवून विचारावं असं तिच्या मनात आलं होतं, पण आपल्याला नाकारणाऱ्याला आपणच का विचारायचं? तिचा मान आडवा आला. पुढे दादाचं लग्न झालं, तो बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. आई भुवईकडे राहिली. आईचे गुडघे गेले, मग नजर गेली, मग सगळंच भुवईच्या हातावर आलं. दादा सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन यायचा. आई गेली तेव्हा भुवईचे केस पांढरे व्हायला लागले होते.

त्यानंतर ती पुन्हा क्लबात जायला लागली. एका संध्याकाळी तिथं रंगारी दिसला. बायकोला घेऊन तो याच शहरात राहायला आला होता. बायकोही बहिरी, बेकरीत कामाला, हसरी. कॅरम खेळता खेळता रंगाऱ्यानं सहज विचारलं, जुनी गंमत विचारावी तसं, "तू तेव्हा मला नको का म्हणालीस?"

भुवईची भुवई वर गेली. "मी? नको तर तुमच्याकडचे म्हणाले."

"आम्ही हो म्हणायला फोन केला होता," रंगारी म्हणाला. "तुझ्या भावानं वडलांना सांगितलं, तिला लग्नच करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हे मला सांगताना तिचे हात इतके हळू चालले होते की मला वाटलं तिला बरं नाही. सांगून झाल्यावर ती कामाला लागली आणि एका गिऱ्हाइकाची कवळी घासता घासता तिनं दाढा पार सपाट करून टाकल्या.

मी म्हटलं, "चल, आत्ता जाऊ त्याच्याकडे. भावकी गोळा करू. मी बोलते तुझ्यातर्फे."

ती म्हणाली, "नातेवाइकांसमोर मी तक्रार केली, तर माझं म्हणणं त्यांना सांगणार कोण? इतकी वर्षं कोण सांगत आलाय?"

"म्हणून तर मी येते म्हणते."

"तू सांगितलंस तर ते तुझं बोलणं होईल. तो हसून म्हणेल, हिला नीट समजलं नाही. मला ते त्याच्याच तोंडून ऐकवायचंय. सगळ्यांना." मग तिनं कवळी उजेडात धरून पाहिली. "माझा आवाज आहे ना तो."

पुढचे बरेच महिने तिनं दादाला काही कळू दिलं नाही. तो फळं घेऊन यायचा, ती चहा करायची. तो गेला की त्याचा कप ती दोनदा घासायची. मी एकदा गमतीनं म्हटलं, "त्याची कवळी आपल्याकडे आली तर चावता येणार नाही अशी बसवू." ती गंभीरपणे म्हणाली, "कामात नाही आणायचं. दात दातांच्या जागी." तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. ती फक्त वाट बघत होती, आणि वाट बघणं तिला येत होतं.

अशात दादाच एके दिवशी एका बाईंना घेऊन आला. या बाई विद्यापीठात भाषा शिकवायच्या. स्वतःला ऐकू यायचं, पण खुणांची भाषा चांगली यायची, आणि आमच्याकडच्या खुणांच्या भाषेचं व्याकरण लिहायला घेतलं होतं. तोवर असं पुस्तक झालेलं नव्हतं. दादा त्यांच्या सल्लागार मंडळावर होता. "माझ्या बहिणीइतके स्वच्छ हात तुम्हाला कुठं मिळणार नाहीत," तो बाईंना म्हणाला, आणि भुवईच्या खांद्यावर हात ठेवला.

विद्यापीठात एका खोलीत निळा पडदा लावलेला होता, समोर आणि बाजूला कॅमेरे. भुवईला अंगात साधं काळं घालून यायला सांगितलं होतं, म्हणजे हात उठून दिसतात. बाईंनी तिला अडचण सांगितली. त्यांनी आधी एका संशोधनपत्रिकेला एक लेख पाठवला होता. अशा पत्रिका लेख छापायच्या आधी दुसऱ्या जाणकारांकडे तपासायला पाठवतात. लेख कोणाचा आणि तपासणारा कोण हे एकमेकांना कळू देत नाहीत. तर त्या तपासणाऱ्यानं कळवलं होतं की उदाहरणं बनावट वाटतात. "मुलगा चेंडू फेकतो. मुलगी सफरचंद खाते. असं कोण कधी बोलतं?" बाई म्हणाल्या, "मला खरी वाक्यं हवी आहेत. तुम्ही खरोखर म्हणाल अशी."

"माझ्याच आयुष्यातली?" भुवईनं विचारलं.

"तुमच्या आयुष्यातली असली तर उत्तमच."

त्या दुपारी ती लॅबमध्ये परत आली ती वेगळीच बाई. बाकावर बसायच्या आधीच तिचे हात सुरू झाले होते. मला म्हणाली, "व्याकरणाला काय लागतं माहीत आहे? नकार लागतो. जर-तर लागतं. कोणी कोणाला काय सांगितलं, ते लागतं. माझ्याकडे सगळं आहे."

मग ती दर आठवड्याला जायला लागली. खुणांच्या भाषेत माणसाला हवेत एक जागा देता येते. इथं आई, इथं दादा, इथं मुलाकडचे, आणि मग 'सांगणं' ही खूण ज्याच्याकडून निघून ज्याच्याकडे जाते त्यावरून कोणी कोणाला सांगितलं ते कळतं. बाईंना या क्रियापदावर अख्खं प्रकरण लिहायचं होतं. भुवईनं त्यांना हवी तितकी वाक्यं दिली. मुलाकडच्यांनी दादाला हो सांगितलं. दादानं मला 'नाही' असं सांगितलं. दादानं त्यांना 'नाही' असं सांगितलं. मला कोणी विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. कॅमेऱ्यासमोर ती शांतपणे, एकेक बोट स्वच्छ उघडत, ही वाक्यं करायची आणि बाई खूष होऊन लिहून घ्यायच्या, की अशी सुंदर जर-तरची भुवई आजवर टिपली गेली नव्हती. खुणांच्या भाषेत 'जर' भुवया उचलून म्हणतात.

लेख पुन्हा पत्रिकेकडे गेला. तपासणाऱ्यानं या वेळी तोंड भरून कौतुक केलं. उदाहरणं जिवंत आहेत म्हणाला, आणि वर आणखी मागितली. एकाचं बोलणं दुसरा कसं सांगतो, याचा नमुना अपुरा आहे, जमल्यास एखादा सबंध प्रसंग द्यावा. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसलेला तो माणूस, त्याला भुवई कोण ते ठाऊक नाही, तिला तो कोण ते ठाऊक नाही. पण ती म्हणायची, "या जगात माझा खरा भाऊ तोच. बघ, अजून सांग म्हणतो."

सबंध प्रसंग म्हणजे फोनचा प्रसंग. खुणांच्या भाषेत दुसऱ्याचं बोलणं सांगताना बोलणारा आपलं अंग जरा वळवतो आणि तो दुसराच होतो. त्याची मान, त्याचा चेहरा, त्याची लकब, सगळं घेतो आणि 'मी' म्हणून बोलतो. भुवईनं अंग वळवलं, नसलेला चष्मा कपाळावर ढकलला, आणि दादा झाली.

बाई कॅमेऱ्यामागून बाहेर आल्या. त्या सल्लागार मंडळाच्या बैठकांना दादाच्या समोर बसायच्या. ती चष्म्याची लकब त्यांनी लगेच ओळखली. मग हातानं म्हणाल्या, "ही सगळी वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत."

"तुम्ही खरी मागितलीत."

"दादा हा शब्द ठेवायचा का?"

"बऱ्याच जणांना दादा असतो."

बाईंनी चित्रीकरण थांबवलं आणि तिला घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला बोलावलं आणि नीट बसवून सांगितलं: पुस्तक छापलं गेलं की ते मागे घेता येणार नाही, वाक्यं तिची आहेत, तिला हवी तर आत्ता काढून टाकता येतील, आणि तिनं ठेवायचं ठरवलं तर एकही शब्द त्या बदलणार नाहीत. भुवई म्हणाली, ठेवा. बाईंनाही त्यात रस नव्हता असं मी म्हणणार नाही. इतकी चांगली उदाहरणं कोण संशोधक हातची घालवेल?

राहता राहिला दादा. त्यानं पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती. छपाईआधीची पानं बाईंनी त्याला रीतसर पाठवली, सगळीच्या सगळी, आणि वाचून कळवा असंही लिहिलं. दादानं आपली प्रस्तावना तपासली, आपला फोटो जरा मोठा करायला सांगितला आणि छान झालंय म्हणून कळवलं. आतलं त्यानं उघडलंसुद्धा नाही. बहिणीची वाक्यं त्याला कशाला बघायला हवी होती? तिला काय म्हणायचं असतं ते त्याला आधीच ठाऊक असायचं.

प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला. भुवईनं मंचावर पुस्तकातली काही उदाहरणं करून दाखवायची, आणि ऐकू येणाऱ्यांसाठी दुभाष्यानं ती मोठ्यानं सांगायची. बाईंनी दुसरा दुभाष्या बघितला होता. दादाला ते कळल्यावर तो रागावला. "माझ्या बहिणीचा आवाज परका माणूस होणार?" बाईंनी भुवईला विचारलं. भुवई म्हणाली, "दादाच हवा."

सभागृह भरलं होतं. एका बाजूला क्लबातली बहिरी मंडळी, रंगारी आणि त्याची बायकोही. दुसऱ्या बाजूला प्राध्यापक, विद्यार्थी, दुभाष्यांच्या संघटनेचे लोक, आमचे मालक. मी मधल्या वाटेजवळ बसले, म्हणजे दोन्ही दिसेल. दादा पहिल्या रांगेत, मंचाकडे तोंड करून, हातात माईक. मांडीवर पुस्तक, न उघडलेलं. भुवईच्या मागे पडद्यावर पुस्तकाचं पान मोठं करून दाखवत होते.

पहिलं वाक्य साधं होतं. दादाचा आवाज स्वच्छ आला: "बस उशिरा आली तर मी चालत जाते." दुसरं नकाराचं: "मी नाही म्हटलं नव्हतं." तेही त्यानं सांगितलं, सवयीनं, पुढच्या वाक्याची वाट बघत.

तिसऱ्याला भुवईनं हवेत जागा वाटून दिल्या. मुलाकडचे तिथं, दादा इथं, मी इथं. आणि सांगणं दोन बाजूंना धाडलं.

दादा थांबला. मग म्हणाला, "दादानं मला सांगितलं, ते नको म्हणतात."

पहिल्याच रांगेत कोर्टात काम करणाऱ्या एक वयस्कर दुभाष्या बाई होत्या. संघटनेत दादाच्या बरोबरीनं काम केलेल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अर्धंच सांगितलंत. आधीचं राहिलं."

भुवईनं तेच वाक्य पुन्हा केलं. अगदी सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं.

दादानं आता पडद्यावर पाहिलं. तिथं छापलेलंच होतं. खोटं सांगावं तर डावीकडच्या सगळ्या बहिऱ्या माणसांना भुवईचे हात दिसत होते, उजवीकडच्यांना ते पान दिसत होतं, आणि संघटनेच्या दुभाष्यांना दोन्ही कळत होतं. माईक खाली ठेवून तो उठू शकला असता. मला वाटलं, आता तो उठेल. पण चालू असलेलं बोलणं दुभाष्यानं अर्ध्यात सोडायचं नाही, हे तोच नव्या पोरांना शिकवत आला होता, आणि ती सगळी पोरं मागच्या रांगांत बसलेली.

"मुलाकडच्यांनी दादाला हो सांगितलं," तो म्हणाला. "दादानं मला सांगितलं, ते नको म्हणतात."

मग भुवईनं अंग वळवलं. हात कपाळाकडे गेला, चष्मा वर ढकलला. क्लबाच्या बाजूनं एक हालचाल उठली. दादाला न ओळखणारं तिथं कोणी नव्हतं. आता ती दादा होती आणि 'मी' म्हणत होती. आणि दुभाष्याचा पहिला नियम असा, की समोरचा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. ती असं म्हणते, तिला असं वाटतं, असं मध्ये घालायचं नाही. हाही नियम दादाच शिकवायचा.

"मी फोन उचलला," दादाचा आवाज माईकमधून आला. "मी भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांना म्हणालो, माझ्या बहिणीला लग्न करायचं नाही. मी फोन ठेवला. मी बहिणीला म्हणालो, त्यांना तू नको. ती गेली असती तर आई माझ्याकडे आली असती. ते मला नको होतं."

भुवई पुन्हा सरळ झाली, भुवई झाली. नमस्कार केला आणि खाली बसली.

बहिरी माणसं टाळ्या वाजवत नाहीत, हात वर करून हलवतात. त्या दिवशी एकही हात वर गेला नाही. सगळे वळून दादाकडे बघत होते. नंतर बाईंनी सर्वनामांवर काहीतरी सांगितलं, पण कोणी ऐकलं नाही आणि कोणी बघितलं नाही.

त्यातून जे पुढे निघालं ते भुवईच्याही अंदाजापलीकडचं होतं. तिला एका फोनचा हिशेब चुकता करायचा होता. पण क्लबातल्या प्रत्येकाचा कधी ना कधी दादा दुभाष्या झालेला होता, आणि आता एकेक जण आठवायला लागला. माझ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर खरंच काय म्हणाले होते? घराच्या दाव्यात न्यायाधीशांनी मला काय विचारलं होतं? बहुधा दादानं सगळं बरोबरच सांगितलेलं असणार. मला तसंच वाटतं. पण विश्वास उडाला तो उडाला. संघटनेनं त्याला अध्यक्षपदावरून दूर केलं. लोक त्याला बोलवेनात. भुवईला हे सगळं मीच सांगायचे आणि ती तपशील विचारायची. कोण म्हणालं? कसा चेहरा झाला? पुन्हा सांग.

एकाच माणसासमोर तिची मान खाली गेली. रंगाऱ्याची बायको क्लबात तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझा भाऊ खोटं बोलला म्हणून माझं लग्न झालं, हे आता पोरं वर्गात शिकतील. मला एकदा विचारायचं तरी होतंस." भुवईनं हा विचारच केलेला नव्हता. तिनं माफी मागितली, मनापासून. ती बायको क्लबात यायची थांबली नाही, पण कॅरमच्या टेबलावर तिच्या समोर पुन्हा बसली नाही.

दादा लॅबमध्ये आला तो अशाच एका दुपारी. मालकांनी चाकं बंद करायला लावली. त्यानं मला बाहेर जायला सांगितलं. भुवईनं मनगट धरून मला बसवून ठेवलं.

तो म्हणाला, "घरात विचारायचंस. चार भिंतींत. मी काय पळून जात होतो?"

ती म्हणाली, "चार भिंतींत तूच सांगणारा आणि तूच ऐकणारा."

"आईनं सांगितलं होतं मला." त्याच्या खुणा अजून तशाच सुबक होत्या. "ती फोनशेजारी उभी होती ना? तीच म्हणाली, पोरीला लांब पाठवू नकोस. माझी हिंमत झाली नाही आईचं नाव सांगायची. आजवर सांगितलं नाही."

आई खरंच म्हणाली होती का, हे सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं. होता तो हाच, आणि त्याचं काय धरायचं? शेवटी ती म्हणाली, "आई म्हणाली असेल. हात तर तुझे होते."

तो उठला आणि गेला. भुवईनं चाक सुरू केलं.

मी नंतर विचारलं, "आता शांत वाटतंय का?"

ती म्हणाली, "शांतता मला जन्मापासून आहे. मला मजा वाटतेय."

पुस्तक चाललं. दुसरी आवृत्ती काढताना दादानं प्रकाशकाला कळवलं की आपली प्रस्तावना काढावी. काढली. उदाहरणं काढण्याबद्दलही त्यानं विनंती केली होती, ती बाईंनी भुवईपुढे ठेवली आणि भुवईनं नाही म्हटलं. आता ती लॅबमधून निवृत्त झाली आहे आणि विद्यापीठातल्या वर्गात नव्या दुभाष्यांना शिकवायला जाते. चुकीचं सांगणाऱ्याला ती सबंध वाक्य पुन्हा सांगायला लावते, आणि पोरं तिला टरकून असतात.

तिच्या वाढदिवसाला दादाचा मोबाइलवर निरोप येतो. नुसत्या शुभेच्छा, कधी आईचा एखादा जुना फोटो. मी तिला म्हटलं, उत्तर द्यायचं नसेल तर नंबर बंद करून टाक. ती म्हणाली, नाही, येऊ दे. मी उघडून वाचलं की त्याच्याकडे निळ्या खुणा दिसतात. मी वाचलं हे त्याला कळतं, आणि मग तो उत्तराची वाट बघत बसतो.

"किती वेळ बघत असेल?" मी विचारलं.

ती म्हणाली, "बघू दे की."